आपुलकी आणि न्याय

धडपडणाऱ्याला हात द्यावा, ही गोष्ट सर्व धर्मांनी आणि सर्व समाजांनी एकमुखाने सांगितलेली आहे. पण तो हात कोणी कोणास द्यावा, ह्याविषयी मात्र तितके एकमत आढळत नाही. परक्याला हात दिला तर त्यास औदार्य म्हणतात. पोटच्या पोराला दिला तर त्यास कर्तव्य म्हणतात. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये जो एक विस्तीर्ण प्रदेश आहे, आपल्या गावच्या, आपल्या भाषेच्या, आपल्या समाजाच्या माणसांचा, त्यातील कोणास हात दिला म्हणजे त्या कृत्यास काय नाव द्यावे, ह्याचा निर्णय सहसा होत नाही. देणारा त्यास आपुलकी म्हणतो. पाहणारा त्यास पक्षपात म्हणतो. दोघेही प्रामाणिक असू शकतात, आणि म्हणूनच हा प्रश्न विचार करण्यास योग्य आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करताना आपल्याकडील उदाहरण घेतले तर एक अडचण उभी राहते. वाचक विचाराला आरंभ करण्यापूर्वीच बाजू घेऊन मोकळा होतो. कारण त्यात त्याचे स्वतःचे किंवा त्याच्या मुलाचे हिताहित गुंतलेले असते. म्हणून प्रस्तुत लेखात एक दूरचे उदाहरण घ्यावयाचे योजिले आहे. ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे, आणि वरवर पाहता अगदी लहान आहे. तेथील काही अस्थिशल्यविशारद, म्हणजे आपण ज्यांना हाडांचे डॉक्टर म्हणतो ते, आपल्याच लॅटिनो समाजातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांना ह्या विद्येकडे वळविण्याचा, आणि तीत त्यांचा प्रवेश व्हावा म्हणून त्यांस तयार करण्याचा उद्योग करीत असतात. हे त्यांचे करणे न्याय्य आहे काय, एवढाच आपला प्रश्न.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा, मध्य आणि दक्षिण अमेरिका येथून आलेल्या, किंवा सीमारेषाच त्यांच्यावरून सरकल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिलेल्या लोकांना तेथे लॅटिनो म्हणतात. २०२० सालच्या जनगणनेत त्यांची संख्या सहा कोटी वीस लाखांवर भरली. म्हणजे शंभर अमेरिकनांत सुमारे एकोणीस. टेक्सस आणि कॅलिफोर्निया ह्या दोन संस्थानांत तर हे प्रमाण शंभरांत एकोणचाळीसच्या घरात गेले. तथापि देशातील डॉक्टरांत त्यांचे प्रमाण शंभरांत सहा-सात. आणि अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने २०१८ साली केलेल्या गणतीत ते शंभरांत अवघे दोनच्या आसपास आढळले. शेतात वाकून भाजी खुडणारा, घरांच्या छपरांवर चढणारा, मालाच्या गोदामांत ओझी उचलणारा असा जो वर्ग, त्यात ह्या समाजाचा भरणा मोठा आहे. हाडे मोडण्याचे काम ज्यांच्या वाट्यास अधिक आले, हाडे सांधण्याचे काम त्यांच्या वाट्यास जवळजवळ आलेच नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता कोणी म्हणेल की, वाट सर्वांना मोकळी आहे; परीक्षा द्यावी आणि पुढे जावे. ही वाट कशी आहे ते पाहिल्याखेरीज ह्या म्हणण्याची किंमत ठरविता येत नाही. शाळेनंतर चार वर्षे महाविद्यालय, मग चार वर्षे वैद्यकीय शिक्षण, त्यानंतर अस्थिशल्याची पाच वर्षांची रेसिडेन्सी, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यावर आणखी एक वर्ष विशेष अभ्यास. रेसिडेन्सीच्या जागा देशभर वर्षाला सुमारे नऊशे. मागणारे त्याहून पुष्कळ अधिक. जागांचे वाटप ‘मॅच’ नावाच्या एका राष्ट्रीय योजनेने होते. ही योजना १९५२ पासून चालू आहे. विद्यार्थी आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहून देतो, रुग्णालये आपल्या पसंतीचे विद्यार्थी क्रमाने लिहून देतात, आणि मार्च महिन्यातील एका शुक्रवारी आपले पुढील आयुष्य कोठे जाणार हे प्रत्येकास कळते.

ह्यात गणिताचा भाग निर्मळ आहे. परंतु रुग्णालय आपला क्रम कशावरून लावते? पूर्वी वैद्यकीय परवान्याच्या पहिल्या परीक्षेतील गुणांना मोठे महत्त्व असे. जानेवारी २०२२ पासून त्या परीक्षेत गुण देणे बंद झाले; आता केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेच कळते. साहजिकच इतर गोष्टींचे वजन वाढले. विद्यार्थ्याने दुसऱ्या गावच्या रुग्णालयात जाऊन महिनाभर केलेले काम, त्याच्या नावावर असलेले संशोधन, आणि नामांकित सर्जनांनी त्याच्याविषयी लिहिलेली शिफारसपत्रे ह्यांवर पुष्कळसे अवलंबून असते. कोणत्या रुग्णालयात महिना काढावा, त्यासाठी अर्ज केव्हा करावा, संशोधन दुसऱ्या वर्षीच सुरू न केल्यास उशीर होतो, शस्त्रक्रियागृहात पहिल्या दिवशी कोठे उभे राहावे, केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, ह्यांपैकी एकही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. सर्जनच्या मुलास ती जेवणाच्या टेबलावर कळते. ज्याचा बाप कॅलिफोर्नियातील शेतांवर मजुरी करतो आणि ज्याच्या घरात महाविद्यालय पाहिलेला तोच पहिला, त्याला ती कोणी सांगावी? त्याला ती सांगणारा जो कोणी, तो मार्गदर्शक. म्हणजे येथे मार्गदर्शन हे विद्येवर घातलेले तूप नव्हे. ते विद्येइतकेच आवश्यक असे अन्न आहे, आणि ते काहींना जन्मतः मिळते व काहींना मिळत नाही, एवढाच फरक.

ह्या मार्गदर्शनाविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो क्षुद्र नाही. त्याची मांडणी पूर्णपणे केली पाहिजे. आक्षेपक म्हणतो: ज्या म्हातारीचे खुब्याचे हाड मोडले आहे तिला हात निष्णात हवा, तो हात कोणत्या वंशाचा आहे ह्याच्याशी तिला कर्तव्य नाही. सर्जन निवडताना गुणाखेरीज दुसरे काही पाहणे म्हणजे रोग्याशी द्रोह. शिवाय, वशिल्याच्या ज्या रीतीने आजवर लॅटिनोंना बाहेर ठेवले, तीच रीत तुम्ही आता त्यांच्या बाजूने वापरीत आहात. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातील कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या गोऱ्या मजुराचा मुलगाही त्याच वर्गात बसलेला आहे. त्याच्या घरीही कोणी डॉक्टर नाही. त्याला हाताशी धरणारी संस्था कोठे आहे? आणि मार्गदर्शकाचा वेळ तर मोजका असतो. जो तास एकाला दिला तो दुसऱ्याला दिला नाही, हे उघड आहे.

ह्या वादाला अमेरिकेत न्यायालयाचाही इतिहास आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील वैद्यकीय विद्यालयाने शंभर जागांपैकी सोळा जागा अल्पसंख्य समाजांसाठी राखून ठेविल्या होत्या. त्याविरुद्ध बाके नावाच्या एका गोऱ्या विद्यार्थ्याने दाद मागितली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागांची पद्धती रद्द ठरविली, पण अनेक गोष्टींपैकी एक म्हणून वंशाचा विचार करण्यास मुभा ठेविली. २०२३ च्या जूनमध्ये, हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना ह्या विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यांत, ही मुभाही बहुतांशी काढून घेतली गेली. म्हणजे प्रवेशाच्या दारात बसलेल्या पंचाने उमेदवाराचा वंश पाहू नये, असा आज तेथील कायद्याचा रोख आहे. 

प्रवेश देणे आणि प्रवेशासाठी तयार करणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तालीमबाज आपल्या आळीच्या पोराला पहाटे उठवून जोर काढावयास लावतो, ह्यात अन्याय नाही; तोच तालीमबाज कुस्तीच्या दिवशी पंच होऊन बसला आणि त्याने आपल्या पोराची पाठ लागलेली असता ती लागली नाही असे सांगितले, तर तो अन्याय होय. आपुलकीला तालमीत जागा आहे. पंचाच्या खुर्चीवर नाही. एवढा भेद केला म्हणजे आक्षेपाचा अर्धा भाग गळून पडतो. रोग्याशी द्रोह होतो तो अपात्राला पात्र ठरविल्याने. पात्र होऊ शकणाऱ्याला पात्र केल्याने रोग्याचे हितच होते.

पण अर्धाच भाग गळतो, हेही मान्य केले पाहिजे. कारण शिफारसपत्र लिहिताना मार्गदर्शक नकळत तालमीतून उठून पंचाच्या खुर्चीजवळ येतो. आम्हां शिक्षकांना शिफारसपत्रे लिहिण्याचा पुष्कळ सराव असतो, आणि त्या सरावात सत्य हळूहळू कसे झिजते हेही ठाऊक असते. प्रत्येक विद्यार्थी ‘अत्यंत हुशार’, प्रत्येकाचे वर्तन ‘आदर्श’. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्याविषयी लिहिताना तर लेखणी अधिकच सैल सुटते. म्हणून आपुलकीने शिकवणाऱ्यावर एक कडक नियम येऊन पडतो: शिकवताना जितके ममत्व, तितकीच लिहिताना तटस्थता. ज्याच्या हातात हे कसब येणार नाही त्याला तसे वेळीच सांगणे, आणि त्याच्या गुणांस अनुरूप दुसरी वाट दाखविणे, हेही मार्गदर्शनच होय. किंबहुना त्याची खरी कसोटी तेथेच लागते. परका मनुष्य हे सत्य बोलला तर विद्यार्थ्याला ते वैर वाटते. आपला मनुष्य बोलला तर त्यावर तो विश्वास ठेवतो. आपुलकीचा हा उपयोग तिच्या टीकाकारांच्या सहसा लक्षात येत नाही.

आता पक्षपाताच्या आरोपाकडे इतिहासाच्या अंगाने पाहू. वैद्यकविद्या कधी काळी निःपक्षपातीपणे सर्वांना खुली होती आणि आता प्रथमच तीत आपपरभाव शिरत आहे, अशी कोणाची समजूत असल्यास ती सोडून द्यावी. ग्रीक वैद्य हिपॉक्रिटस ह्याच्या नावावर जी प्रसिद्ध शपथ चालत आली आहे, तीत शिष्य असे वचन देतो की, ही विद्या मी माझ्या मुलांना, गुरूच्या मुलांना आणि शपथबद्ध शिष्यांनाच शिकवीन, इतरांस नाही. आमच्या सुश्रुतसंहितेत शिष्याच्या दीक्षेचा विचार वर्णपरत्वे केलेला आहे. आणि कुलगुणसंपन्न शूद्रालाही मंत्र वगळून शिकवावे असे काही आचार्यांचे मत म्हणून नोंदविलेले आहे. त्या ‘काही आचार्यां’ची नावे आपणांस ठाऊक नाहीत, पण दार किंचित किलकिले ठेवणारे कोणीतरी त्या काळीही होते, एवढे खरे. त्याच ग्रंथात शल्यविद्येच्या विद्यार्थ्याने रोग्यास हात लावण्यापूर्वी कोहळ्यावर व भोपळ्यावर छेद घेण्याचा सराव करावा असे सांगितले आहे. कोहळा कोठेही मिळतो; तो कसा कापावा हे शेजारी बसून दाखविणारा मात्र कोठेही मिळत नाही. आणि द्रोणाचार्यांची कथा तर प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. धनुर्विद्येस ज्या अंगठ्याची गरज तोच एकलव्याकडून मागून घेण्यात आला. शल्यविद्याही हाताचीच विद्या आहे, हे येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

लॅटिनो समाजाच्या वाट्यास हा अनुभव प्रत्यक्ष आलेला आहे. हेक्टर गार्सिया ह्यांचा जन्म १९१४ साली मेक्सिकोत झाला. क्रांतीच्या धामधुमीत १९१७ साली त्यांचे कुटुंब टेक्ससमध्ये आले. वडील मेक्सिकोत शिक्षक होते. येथे त्यांना दुकान चालवावे लागले. हेक्टर १९४० साली गॅल्व्हस्टन येथून डॉक्टर झाले, पण मेक्सिकन वंशाच्या रेसिडेंटला घेण्यास टेक्ससमधील रुग्णालये तयार नव्हती. म्हणून पुढील शिक्षणासाठी त्यांना नेब्रास्कातील ओमाहा गाठावे लागले. महायुद्धात सैन्यात सेवा करून ते परतले, कॉर्पस क्रिस्टी येथे त्यांनी गरिबांसाठी दवाखाना चालविला, आणि १९४८ साली मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांच्या हक्कांसाठी अमेरिकन जी. आय. फोरम ही संस्था स्थापन केली. ह्या चरित्रातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. त्यांचा थोरला भाऊ त्यांच्या आधी डॉक्टर झालेला होता. आणि पुढे सात भावंडांपैकी सहा जण डॉक्टर झाले. एका घरात एकाला वाट सापडली आणि ती इतरांना मिळाली. ज्या समाजाला बाहेरची दारे बंद असतात, त्याला आपले घरच शाळा करावी लागते. लॅटिनो सर्जनांच्या आजच्या उद्योगात हेच घर थोडे रुंद झालेले आहे.

तथापि पूर्वी अन्याय झाला म्हणून आज उलट दिशेने तोच करावा, असा युक्तिवाद प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. अन्यायांची वजाबाकी होऊन न्याय उरत नाही. ह्या उद्योगाचे समर्थन मागील हिशेबावर नव्हे, पुढील उपयोगावर उभे राहिले पाहिजे. आणि हा उपयोग रोग्याचा आहे. गुडघ्याचा सांधा बदलावयाचा की नाही हा निर्णय केवळ क्ष-किरणांच्या चित्रावरून होत नाही. दुखते केव्हा, जिना चढवतो काय, घरी करावयास कोण आहे, कामावर न गेल्यास चूल पेटेल काय, हे रोग्याने सांगावे लागते आणि डॉक्टरने ऐकावे लागते. जेथे रोगी स्पॅनिश बोलतो व डॉक्टर इंग्रजी, तेथे अनेकदा दुभाष्याचे काम शाळकरी नातवाकडे येते. आजीला आपले सर्वच दुखणे नातवाच्या तोंडून सांगवेल काय? ऑकलंड येथे कृष्णवर्णीय पुरुषांवर केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, डॉक्टर आपल्यासारखा असला म्हणजे रोगी अधिक बोलतो, आणि रोगप्रतिबंधक तपासण्यांस अधिक राजी होतो. म्हणजे म्हातारीला हात निष्णात हवा हे खरे; पण त्या हातात आपला पाय द्यावा असा भरवसा तिला वाटला पाहिजे, हेही तितकेच खरे. हा भरवसा निर्माण करण्याची शक्ती हा गुणवत्तेचाच एक अंश आहे.

परंतु ह्या युक्तिवादालाही एक धार आहे आणि ती उलट कापते. लॅटिनो सर्जन लॅटिनो रोग्यासाठी, असे एकदा ठरले म्हणजे त्याला तेवढ्याच आवारात कोंडण्यास कितीसा वेळ लागणार? गोऱ्या सर्जनच्या मुलाला, तू आपल्याच लोकांची सेवा कर, असे कोणी बजावीत नाही. तो मणक्यांवर काम करो, खेळाडूंचे गुडघे दुरुस्त करो, वा प्रयोगशाळेत हाडांच्या पेशींकडे पाहत आयुष्य घालवो. त्याच्या स्वातंत्र्यास बाध नाही. मग शेतमजुराच्या मुलाकडूनच ही फेड का मागावी? गुरुदक्षिणेचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. ‘मी तुला वर काढले, आता तू माझ्या सांगण्याप्रमाणे चालले पाहिजेस’ असे जो मार्गदर्शक म्हणतो तो अंगठाच मागत असतो. फक्त शब्द अधिक सौम्य असतात. शिष्याने स्वेच्छेने आपल्या लोकांकडे परत जावे हे उत्तम. पण ते ऋण वसूल करण्याचा अधिकार गुरूला नाही. विद्येचे ऋण पुढच्याला देऊन फिटते, मागच्याला परत करून नव्हे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. शंभर सर्जनांत दोन लॅटिनो, आणि देशाच्या लोकसंख्येत शंभरांत एकोणीस. मग ह्या दोघांनीच सर्वांना शिकवावयाचे असेल तर त्यांच्या खांद्यावर केवढे ओझे पडेल ह्याचा विचार करावा. ते शिकवतील, सभासमित्यांवर बसतील, विद्यार्थ्यांची दुःखे ऐकतील, आणि ह्यात गेलेला त्यांचा वेळ त्यांच्या बढतीच्या हिशेबात धरला जाणार नाही; उलट त्यांचे संशोधन कमी पडले असे त्यांनाच ऐकावे लागेल. उरलेले अठ्ठ्याण्णव मात्र, ‘त्यांचे ते पाहत आहेत’ अशा समाधानात राहतील. आपुलकीचे तत्त्व एवढ्यावरच थांबले तर ते बहुसंख्याकांच्या आळसाचे निमित्त होऊन बसते. रूथ जॅक्सन ही १९३७ साली अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीची सभासद झालेली पहिली स्त्री, जे. रॉबर्ट ग्लॅडन हे १९४९ साली ह्या विद्येच्या मंडळाची मान्यता मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या नावांनी पुढे १९८३ व १९९८ साली ज्या संस्था निघाल्या त्यांनी मोठे काम केले. पण अशा संस्था निघाव्या लागल्या ह्यातच मोठ्या संस्थांची उणीवही दिसून येते.

आपुलकी ही रक्तानेच यावी असा नियम नाही, ह्याचा पुरावा आमच्याच इतिहासात आहे. १८८० साली अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानातील रोझेल येथील मिसेस कार्पेंटर ह्यांनी दंतवैद्याच्या दालनात खोळंबून बसल्या असता एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोश्यांचे पत्र वाचले. मासिकाच्या संपादकाने धर्मांतराचा सल्ला दिलेला होता. ह्या बाईंनी कोणतीही अट न घालता मैत्रीचे पत्र पाठविले. १८८३ साली आनंदीबाई त्यांच्या घरी उतरल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून डॉक्टर झाल्या. आपला धर्म आणि आपला आचार त्यांना सोडावा लागला नाही. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि न्यूयॉर्क संस्थानातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे. जात नाही, धर्म नाही, भाषा नाही, देश नाही; आणि तरी हे नाते आपुलकीचे नव्हे असे कोण म्हणेल? खाणमजुराच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही ह्यातच आहे. त्याला हात देण्यासाठी लॅटिनो विद्यार्थ्याचा हात सोडावयाचा नाही. हात देणाऱ्यांची संख्या वाढवावयाची आहे.

तेव्हा निष्कर्ष असा. आपल्या समाजातील मुलाला हाताशी धरणे हा अन्याय नव्हे. मात्र त्यास तीन मर्यादा आहेत. परीक्षकाच्या जागी बसताना आपुलकी दाराबाहेर ठेवावी. दुसरा कोणी शिकण्यास आला तर त्याला परत लावू नये. आणि दिलेल्या विद्येवर मालकी सांगू नये. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द निकोला आंद्री ह्या फ्रेंच वैद्याने १७४१ साली बनविला. त्याच्या ग्रंथात वाकड्या वाढलेल्या रोपट्याला दोरीने बांधून ठेवलेल्या खुंटाचे एक चित्र आहे, आणि ते आजही ह्या विद्येचे चिन्ह म्हणून मानले जाते. मार्गदर्शनाला ते चित्र तंतोतंत लागू पडत नाही. कारण ही मुले वाकडी नाहीत, त्यांच्या वाट्यास आलेली जमीन तेवढी उताराची आहे. तरीही खुंट कोणत्या लाकडाचा आहे ह्याची चौकशी रोपट्याने करावी असे नाही. तो पुरेसा घट्ट रोवलेला असावा, आणि झाड आपल्या बळावर उभे राहिले म्हणजे माळ्याने दोरी सोडावयास विसरू नये, इतकेच पाहावयाचे.